कॉलेजची फी आणि शिष्यवृत्ती : ऑप्शन फॉर्मपासून खात्यात पैसे पडेपर्यंत

बारावीचा निकाल लागला की घरात कटऑफच्या याद्या निघतात, कोणतं कॉलेज कितीला बंद झालं याची चर्चा रंगते. पैशांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "आधी अ‍ॅडमिशन तर होऊ दे, स्कॉलरशिपचं नंतर बघू." हे 'नंतर' महागात पडतं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीत सवलत मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी तुम्ही कोणत्या प्रकारच्या जागेवर प्रवेश घेतला यावर ठरतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज त्याच्या पुष्कळ नंतर येतो, आणि चुकलेली जागा तो दुरुस्त करू शकत नाही. म्हणून सुरुवात फॉर्मपासून न करता फीच्या तक्त्यापासून करू.

फीचा तक्ता वाचायला शिका

कॉलेजच्या वेबसाइटवर 'एकूण फी' म्हणून एक आकडा दिसतो. त्याच्या पोटात शिक्षण शुल्क म्हणजे ट्यूशन फी, विकास शुल्क म्हणजे डेव्हलपमेंट फी, आणि मग लायब्ररी, जिमखाना, अनामत अशी किरकोळ मंडळी असतात. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, आणि त्या मंजुरीत शिक्षण शुल्क व विकास शुल्क वेगवेगळं दाखवलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा, कारण खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची ईबीसी सवलत असो की मुलींची शंभर टक्के फीमाफी, दोन्ही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरत्या आहेत. विकास शुल्क खिशातूनच जातं. 'मुलींना शिक्षण मोफत' ऐकून आलेले पालक कॅशिअरच्या खिडकीवर वाद घालतात तो नेमका इथे.

एक हिशेब मांडून बघू. समजा एका खासगी कॉलेजात शिक्षण शुल्क १,००,००० आणि विकास शुल्क १०,००० रुपये आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला ईबीसीतून शिक्षण शुल्काचे ५० टक्के माफ होतात, म्हणजे त्याने ६०,००० भरायचे. तितक्याच उत्पन्नाच्या घरातली ओबीसी मुलगी त्याच वर्गात बसली तर तिने फक्त १०,००० भरायचे. आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर व्यवस्थापन कोट्यातून आलेला विद्यार्थी घरची कितीही ओढाताण असली तरी पूर्ण फी भरतो.

जागा कोणती, हे आधी ठरवा

सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेली जागा ही सवलतीची पहिली अट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. त्यातही व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळले आहेत, तसंच खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत. पुण्या-मुंबईत अशा विद्यापीठांच्या जाहिराती जूनमध्ये वर्तमानपत्रांची पानं भरून येतात. 'आमच्याकडे स्कॉलरशिप आहे' असं तिथला समुपदेशक सांगेल, ती बहुधा त्यांच्याच फीत त्यांनीच दिलेली सूट असते. घ्यायची तर घ्या, पण सरकारी सवलतीच्या भरवशावर तिथे अनामत भरू नका.

कॅपमध्येच आणखी एक दार आहे आणि बरेच पालक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमानुसार मंजूर प्रवेशक्षमतेच्या पाच टक्के जादा जागा यासाठी असतात. आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना त्या गुणवत्तेनुसार मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ होतं. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीच्या यादीत, या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर असतं. नोंदणी करतानाच टीएफडब्ल्यूएससाठी 'हो' म्हणायचं आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा, नाहीतर हे कोड तुम्हाला घेताच येत नाहीत. कटऑफ साध्या जागेपेक्षा चढा असतो. नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, म्हणून नावडती शाखा केवळ फुकट म्हणून यादीत घालू नका. पण जे कॉलेज आणि जी शाखा तुम्हाला खरोखर हवी आहे, तिचा 'टी'वाला कोड साध्या कोडच्या वर टाकायला काहीच खर्च येत नाही. नाही लागला तर खालचा लागेल. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी तर ही सर्वांत किफायती जागा आहे, असं माझं मत. ईबीसीत अर्धं माफ होतं, इथे शिक्षण शुल्क पूर्ण जातं, आणि दरवर्षी शासनाकडून परतावा कधी येतो याची वाट कॉलेजलाही पाहावी लागत नाही.

कोणासाठी कोणती योजना

योजनांची यादी लांब आहे. आपल्याला लागू असलेली एकच नीट समजून घ्या, बाकीच्या शेजाऱ्यांवर सोडा.

खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कॉलेजच्या भाषेत हीच 'ईबीसी'. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत लाभ, महाराष्ट्राचा अधिवास. यासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढावं लागतं असा गैरसमज फार आहे. ते आरक्षित जागेसाठी लागतं. ईबीसीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अडीच लाखांच्या वर असाल तर फ्रीशिप, ज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं पण भत्ता मिळत नाही. मॅट्रिकोत्तरमधला शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार आहे: पदवी-पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये. अनुसूचित जमातीसाठीही अशीच जोडी आहे, फक्त ती आदिवासी विकास विभागाच्या नावाखाली शोधायची. ओबीसी मुलग्यांना शिक्षण शुल्काचे ५० टक्के, तर विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज) आणि विशेष मागास प्रवर्गाला (विमाप्र) १०० टक्के.

मॅट्रिकोत्तरबाबत एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के, आणि पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात दोन वेळा वेगवेगळे येतात. आधी राज्याचे, मग केंद्राचे. त्यात फीची रक्कमही असते, ती कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम साठ-सत्तर हजार दिसले की घरातलं कुठलंतरी अडलेलं काम आठवतं, आणि शेवटच्या वर्षी कॉलेज थकबाकीचा कागद पुढे करतं. पैसे आले की त्याच आठवड्यात फी भरून पावती घ्या.

कागद : अकरावीपासून सुरुवात करा

जून-जुलैत तहसील कचेरीसमोरच्या सेतू केंद्रावर जी रांग लागते, तिच्यात उभं राहायची वेळ टाळता येते.

सगळ्यांत वेळखाऊ कागद जात पडताळणीचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करून तो हाती यायला महिने जातात, कारण वडील-आजोबांचे जुने शाळेचे दाखले, कोतवाल बुक किंवा महसुली नोंदी लागतात आणि त्या मूळ गावी असतात. विज्ञान शाखेला मूल अकरावीत गेलं की अर्ज टाका. बारावीनंतर केला तर प्रवेश त्या अर्जाच्या पावतीवर होतो आणि मग मुदतीच्या आत प्रमाणपत्र आणायची धावपळ; नाही आलं तर राखीव जागा आणि तिच्यावरची सवलत दोन्ही हातचं जातं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. तलाठ्याचा अहवाल हा त्याच्याकडे जायचा रस्ता आहे, तो स्वतः दाखला नव्हे. नोकरदार असाल तर फॉर्म १६, शेतकरी असाल तर सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल. आई आणि वडील दोघांचंही उत्पन्न धरायचं. आई अंगणवाडीत किंवा खासगी शाळेत नोकरी करत असेल आणि दाखल्यात फक्त वडिलांचं उत्पन्न असेल, तर पुढे पडताळणीत अडचण येते. दाखला आर्थिक वर्षाच्या हिशेबानं चालतो, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढून ठेवायची सवय लावा. आपले सरकार पोर्टलवरून घरूनही अर्ज करता येतो.

याखेरीज अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शिधापत्रिका, कॅपचं जागावाटप पत्र, फीची पावती, दोन अपत्यांबद्दलचं स्वयंघोषणापत्र. ओबीसी, विजाभज, विमाप्र असाल तर चालू मुदतीचं नॉन क्रीमीलेयर. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. आणि हे सगळे कागद बाहेर काढलेच आहेत तर नावांची स्पेलिंगं जुळवून बघा. आधारवर 'विठ्ठल', गुणपत्रिकेवर 'विट्ठल', बँकेत आडनाव आधी. असल्या एका काना-मात्रेनं अर्ज महिनाभर अडतो. आधार दुरुस्त करून घेणं बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

आधार आणि बँक खातं

शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर रक्कम दिसते, पण खात्यात काही नाही. ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न विचारायचा: आधार कोणत्या बँकेला सीड केलंय, म्हणजे सरकारी पैशांसाठी जोडलंय?

बँकेला आधार दाखवून केवायसी करणं वेगळं आणि थेट लाभासाठी आधार सीड करणं वेगळं. सरकार पैसे खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. तो क्रमांक कुठल्या बँकेकडे वळवायचा याची नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, जिला तुम्ही सर्वांत शेवटी संमती दिली ती. मोबाइल रिचार्जच्या दुकानात अंगठा देऊन पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं, दुकानदारानं हो-हो करत संमतीची खूण केली, की शिष्यवृत्ती तिकडे जाते. मुलाला ते खातं आठवतही नसतं.

मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती बघा. बँकेचं नाव आणि 'सक्रिय' असा शेरा दिसला पाहिजे. दुसरीच बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन थेट लाभासाठी आधार सीडिंगचा अर्ज द्या आणि पोच घ्या. 'लिंक आहे हो' हे काउंटरवरचं उत्तर घेऊन परत येऊ नका. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरचं हवं, चालू हवं, आणि शून्य शिलकीचं 'मायनर' खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं केवायसी पुन्हा करून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ओटीपीच येणार नाही आणि पुढची एकही पायरी चढता येणार नाही.

महाडीबीटीचा अर्ज

पोर्टलवर नोंदणी आधार ओटीपीनं करा. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हेच खातं पुढची तीन-चार वर्षं चालणार आहे. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ देऊ नका. आणि दर वर्षी नवं खातं उघडायचा उद्योग करू नका, जुना अर्ज आणि नवा अर्ज एकमेकांना अडवतात.

आधी प्रोफाइल भरायची: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, आधीचं शिक्षण, वसतिगृह. घाईनं अर्धवट भरलेली प्रोफाइल हेच 'माझी योजनाच दिसत नाही' या तक्रारीचं मूळ असतं, कारण पोर्टल तुम्ही भरलेल्या उत्तरांवरूनच पात्र योजना दाखवतं. प्रवर्ग, उत्पन्नाचा आकडा, प्रवेश कॅपमधून की संस्था स्तरावरून, या तीन ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचा. चालू अभ्यासक्रमात कॉलेजचं नाव निवडताना ट्रस्टच्या तीन-चार संस्थांची नावं सारखीच असतात. शाखा आणि वर्षासकट आपलीच निवडा.

कागदपत्रं स्कॅन करून लहान आकाराच्या फाइल करून ठेवा. मोबाइलवरचा फोटो तसाच चढत नाही आणि दाबून लहान केला की तहसीलदारांचा शिक्का वाचता येत नाही, म्हणून चढवण्याआधी स्वतः उघडून बघा.

योजना निवडून अर्ज पाठवला की अर्ज क्रमांक येतो. त्याची प्रत काढून मूळ कागदांच्या झेरॉक्ससह कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्या. इथे अनेक जण थांबतात आणि समजतात, झालं काम. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, त्यानंतर संबंधित विभागाच्या: अनुसूचित जातीसाठी समाज कल्याणचे सहायक आयुक्त, ईबीसीसाठी उच्च किंवा तंत्र शिक्षणाचं कार्यालय. यातल्या कुणालाही त्रुटी दिसली तर अर्ज तुमच्याकडे परत येतो. एसएमएस येतोच असं नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायची, परत आला असेल तर शेरा वाचून तेवढंच दुरुस्त करायचं आणि पुन्हा पाठवायचा. शेवटची तारीख बहुतेक वर्षी वाढते, हे खरं. पण त्रुटी काढायला वेळ हवा असेल तर पहिल्याच तारखेच्या आत अर्ज गेला पाहिजे.

पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. केंद्रावर भरून घेतलात तर त्याच्या कामाचे पैसे द्या. 'मंजूर करून देतो, दहा टक्के' म्हणणारा माणूस मंजुरीच्या साखळीत कुठेच नसतो.

राहण्या-खाण्याचं काय

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, त्यामागे साधा विचार होता: खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा शहरातली जागा आणि दोन वेळचं जेवण जड जातं. आजही पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला विचारा.

सरकारी वसतिगृहात अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी-विजाभज-विमाप्रसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. खुल्या प्रवर्गातल्या ईबीसी लाभार्थ्यांसाठी, विशेषतः अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हा ईबीसीसोबत घेता येतो, फक्त अर्ज वेगळा भरावा लागतो.

पुण्यात शिकायला येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींनी विद्यार्थी साहाय्यक समितीचं नाव लक्षात ठेवावं. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था अल्प शुल्कात वसतिगृह देते, निवड मुलाखतीतून होते. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजनाही आहे. पैसे थोडे, पण मेसचं बिल काही अंशी निघतं.

केंद्राच्या योजना

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर एकदाच वन टाइम रजिस्ट्रेशन करायचं. बारावीत बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीला वर्षाला १२,००० रुपये देणारी केंद्रीय शिष्यवृत्ती आहे. बीए-बीएस्सी करणाऱ्यांना ही फार उपयोगी. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती तंत्रशिक्षणात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची, सक्षम ही दिव्यांगांसाठी तेवढ्याच रकमेची. एकाच वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेण्यावर बंधनं असतात, म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकण्याआधी रकमा शेजारी मांडा. खासगी कॉलेजात शिक्षण शुल्क लाखभर असेल तर राज्याची फीमाफी मोठी. शासकीय कॉलेजात शिक्षण शुल्कच कमी असेल तर प्रगतीचे ५०,००० जास्त होतात.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज

सगळ्या सवलती वजा करून जी रक्कम उरेल तेवढंच कर्ज मागा. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या कॉलेजात गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, तीन टक्के व्याज सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याचा प्रवेश इथेही बसत नाही.

कॉलेज त्या यादीत नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं नेहमीचं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत पत हमी असल्यानं तारण मागितलं जाऊ नये. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमत असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत जा. ओबीसी कुटुंबांसाठी इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, देशांतर्गत शिक्षणाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर. बँकेनं तोंडी नकार दिला तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा व्यवस्थापकांना पुन्हा एकदा फाइल उघडावीशी वाटते.

पैसे आले नाहीत, किंवा कॉलेज पूर्ण फी मागतंय

ईबीसी किंवा मुलींच्या फीमाफीस पात्र असाल तर सवलतीचा भाग प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना कॉलेजांना आहेत. तरी मागितला तर शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. भरावेच लागले तर पावतीवर 'शिक्षण शुल्क' असं स्पष्ट लिहून घ्या. शासनाचा परतावा कॉलेजला आल्यावर तीच पावती दाखवून पैसे परत मागायचे आहेत.

स्थिती महिनोन्‌महिने एकाच टप्प्यावर असेल तर आधी कॉलेजच्या लिपिकाला अर्ज क्रमांक दाखवा. अर्ज त्यांच्याकडून पुढे गेला असेल तर विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात लेखी निवेदन द्या, आणि पोर्टलवरच्या तक्रार विभागात तिकीट टाकून त्याचा क्रमांक जपा.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतःहून करावा लागतो. मागच्या वर्षीची गुणपत्रिका, नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि नवी फी पावती चढवायची. निकाल उशिरा लागला म्हणून थांबू नका. पोर्टल सुरू झालं की निकालाची स्थिती भरण्याचा जो पर्याय असेल तो विचारून घ्या. वर्ष वाया गेलं तर त्याच वर्षासाठी पुन्हा सवलत मिळत नाही, पण पुढच्या वर्गात गेल्यावर नूतनीकरण होऊ शकतं का, हे स्कॉलरशिप विभागात विचारल्याशिवाय पूर्ण फी भरू नका.